रेशन दुकानात ‘सर्व्हर डाउन’ : कारण काय आणि आपला हक्क कोणता?

रास्त भाव दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावला, पण ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा संदेश आला. अशा वेळी दोष लाभार्थ्याचा नसतो आणि धान्याचा हक्कही संपत नाही.

अंगठ्याची माहिती कुठे जाते?

मशीनमधील सिमकार्डावरून माहिती मोबाईल टॉवरकडे आणि तेथून इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातून शासनाच्या सर्व्हरकडे जाते. तेथून आधार पडताळणी होते. होकार मशीनवर परत आला की पावती निघते.

सर्व्हर चालू असूनही ‘डाउन’ का दिसतो?

सर्व्हरला इंटरनेट पुरवठादाराकडून एक आयपी पत्ता मिळतो. माहिती बाहेर पाठवण्याच्या दाराला ‘गेटवे’ म्हणतात. कोणत्या पत्त्याची माहिती कोणत्या मार्गाने पाठवायची, याची यादी म्हणजे ‘राउटिंग टेबल’. या यादीत गेटवे चुकीचा नोंदवला गेला, तर मशीनचा संदेश सर्व्हरपर्यंत पोहोचतो, पण उत्तर परत येत नाही. दुसऱ्या पुरवठादाराची जोडणी ठेवली तरी तो पर्यायी मार्ग आधी नोंदवून, तपासून ठेवावा लागतो. ही जबाबदारी यंत्रणेची आहे.

आपण काय करावे?

1. मशीनवरील संदेश वाचून घ्या. ‘अंगठा जुळत नाही’ आणि ‘संपर्क नाही’ या दोन वेगळ्या अडचणी आहेत.
2. मशीनमध्ये दुसरे सिम असल्यास ते वापरून पाहण्यास दुकानदारास सांगा.
3. संपर्क मध्येच तुटला, तर या महिन्याचे धान्य ‘दिले’ अशी नोंद झाली आहे का, हे तपासून घ्या. उत्तर वाटेत हरवले तरी नोंद झालेली असू शकते.
4. तरीही काम न झाल्यास शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून धान्य मागा. नेटवर्क किंवा बायोमेट्रिकच्या अडचणीमुळे पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना दिल्या आहेत. अशा वाटपाची नोंद वेगळ्या नोंदवहीत केली जाते.

किती धान्य मिळते?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबास दरमहा प्रतिव्यक्ती 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबास 35 किलो. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे कामानिमित्त परराज्यात राहणाऱ्यांनाही तेथील दुकानातून ते घेता येते. त्यासाठीची पडताळणीही इंटरनेटवरूनच होते.

तक्रार कोठे करावी?

अनेक राज्यांत 1967 ही हेल्पलाइन आहे. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्याच्या आदेशाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत दुकान क्रमांक, तारीख, वेळ आणि मशीनवरील संदेश जसाच्या तसा लिहा. बिघाड नेमका कुठे झाला, हे शोधण्यास त्याचाच उपयोग होतो.