रेघांची लिपी आणि तिचे वाचक

दुकानात आपण साबणाची वडी पुढे करतो, यंत्र 'टुक्' करते आणि पडद्यावर किंमत उमटते. ही किंमत वेष्टनावरच्या काळ्या रेघांत लिहिलेली असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. रेघांत असतो तो केवळ वस्तूचा क्रमांक. किंमत दुकानाच्या संगणकात असते आणि ती तेथे माणसाने भरलेली असते. हा भेद ग्राहकाच्या कामाचा आहे, म्हणून थोडे विवेचन.

या लिपीची कल्पना अमेरिकेतील जोसेफ वुडलंड यांना मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना सुचली. तारायंत्रातील टिंबे आणि रेघा खाली लांबवल्या, की जाड-बारीक पट्टे होतात! त्यांना व बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली पेटंट मिळाले. परंतु व्यवहारात ती उतरायला लेसर आणि स्वस्त संगणक यावे लागले. २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय गावी च्युइंगगमचे पाकीट या रीतीने प्रथम विकले गेले.

वाचनाचे तत्त्व सोपे आहे. काळी रेघ प्रकाश गिळते, पांढरी जागा तो परत फेकते. परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारातून विजेचे चढउतार होतात आणि त्यांच्या रुंदीवरून अंक ओळखले जातात. बहुतेक यंत्रांचा प्रकाश तांबडा असल्यामुळे पांढऱ्यावर तांबड्या रेघा छापल्या, तर यंत्राला काहीच दिसत नाही!

वाचनात चूक झाली तर? तेरावा अंक त्यासाठीच असतो. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. त्यांना डावीकडून आळीपाळीने १ व ३ने गुणून बेरीज करा. ती १३० येते. दहाने पूर्ण भाग जातो, म्हणून तेरावा अंक शून्य. एखादा अंक चुकीचा वाचला गेला, की हा हिशेब जुळत नाही.

वाचक यंत्रांचे मुख्य प्रकार चार. पहिले लेखणीसारखे, ते हाताने एकसारख्या गतीने रेघांवरून फिरवावे लागते. दुसऱ्यात हलता आरसा लेसरचा किरण झाडूसारखा फिरवतो. तिसऱ्यात प्रकाशग्राही घटकांची रांग सगळ्या रेघा एकदम टिपते. त्यात हलणारा भाग नाही. चौथे छायाचित्र घेणारे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली काढलेला चौकोनी क्यूआर कोड आडवा-उभा दोन्हीकडून वाचावा लागतो, तो यानेच. आपल्या खिशातला मोबाइलही याच जातीचा.

आरंभीचे ८९० म्हणजे माल भारतात बनला असेही नव्हे. क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढेच. तेव्हा यंत्राने क्रमांक अचूक वाचला, तरी संगणकात भरलेली किंमत चुकीची असू शकते. वेष्टनावरील छापील किंमत आणि पावती ताडून पाहण्याचे काम यंत्राचे नाही, ते आपलेच आहे.