‘काही करत नाही’ म्हणजे नेमकं काय?

“तुम्ही काय करता हो?”
“काही नाही, घरीच असते.”

लग्नाकार्यात, बँकेत, मुलांच्या शाळेचा फॉर्म भरताना किती सहज देतो आपण हे उत्तर! पण मैत्रिणींनो, हेच उत्तर जनगणनेच्या कागदावर गेलं की आपली गणती होते ‘काम न करणाऱ्यां’मध्ये.

मुलांच्या भूगोलात व्यवसायांचे प्रकार दिलेले असतात. जमिनीतून, जनावरांपासून थेट मिळवायचं तो प्राथमिक व्यवसाय. कच्च्या मालाचा पक्का माल करायचा तो द्वितीयक. आणि विक्री, वाहतूक, शिक्षण, दवाखाना अशा सेवा द्यायच्या तो तृतीयक. जगात कुठेही जा, माणसाचं पोट यातल्याच कशावर तरी चालतं. आपल्या जालना जिल्ह्यातही मोसंबीच्या बागा आहेत, सळयांचे कारखाने आहेत, मोंढ्याची बाजारपेठ आहे. यात बाई कुठे आहे? खरं तर सगळीकडे!

बियाण्याचंच बघा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यासाठी जालन्याचं नाव देशभर झालं. पण संकरित कापसाचं बी तयार कसं होतं? संध्याकाळी कळी उघडून पुंकेसर अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. एकेका फुलाला, हाताने. हे नाजूक काम बहुतेक बायकाच करतात.

रेशमाचंही तेच. जालन्यात २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. कोष विकून पट्टी घरी येते ती बहुधा घरधन्याच्या नावावर. पण अळ्यांना वेळच्या वेळी तुतीचा पाला घालणारी, शेड स्वच्छ ठेवणारी कोण? आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तर ‘एक कोयता’च म्हणतात. राबणारे दोघं, हिशेब एकाचा!

आता एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. २०११च्या जनगणनेत ‘काम’ म्हणजे फक्त पगाराचं काम नव्हतं. घरच्या शेतात, घरच्या दुकानात पैसे न घेता केलेली मदतही कामच धरली होती. फक्त घरी पिण्यापुरतं दूध काढत असाल, तरी तेही काम! वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ‘मुख्य’ आणि कमी असेल तर ‘सीमांतिक’ काम करणारी, एवढाच फरक. म्हणजे नियमात आपल्याला जागा होती, पण उत्तर देताना आपणच ती सोडत होतो.

स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणं मात्र या व्याख्येत बसत नाही. २०२४च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात गेलेले दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं! आइसलँड या छोट्या देशातल्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी घरचं आणि बाहेरचं दोन्ही काम एक दिवस बंद ठेवलं, तेव्हा अख्खा देश अडला होता. आपण संप करायला नको, पण मोजणी तरी नीट करू या!

कारण सरकारी योजना, प्रशिक्षण, कर्ज यांचा विचार अशाच आकड्यांवरून होतो. शेतात राबणारी बाई कागदावर दिसलीच नाही, तर तिच्यासाठी तरतूद कोण करणार?

म्हणून २०२७च्या जनगणनेला मास्तर किंवा बाई दारात आल्या की उत्तर घरातल्या पुरुषांवर सोपवू नका. स्वतः पुढे व्हा. निंदणी, वेचणी, म्हशीची धार, शिलाई मशीन, पापड, दुकान, जे वर्षभरात केलं ते किती महिने केलं, ते स्पष्ट सांगा. सुनेचं आणि सासूबाईंचंही सांगा. ‘काही नाही’ हे दोन शब्द तेवढे त्या दिवशी टाळा.