आंबटात जगणारे जिवाणू राखतात चारा

मैत्रिणींनो, आपल्या जालना जिल्ह्यात उन्हाळा लागला की हिरवा चारा मिळेनासा होतो. तेव्हा मुरघास कामी येतो. दही आंबवणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद मक्याच्या पानांवरही असतात. हवा नसली की ते मक्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्या आंबटात ते तगतात, पण चारा कुजवणारे जिवाणू टिकत नाहीत. बुरशीला मात्र हवा लागते, म्हणून हवा काढणं महत्त्वाचं.

दाणे चिकात असताना मका कापायचा, इंचभर कुट्टी करायची, पिशवीत थराथराने दाबून भरायची, तोंड घट्ट बांधायचं. साधारण ४५ दिवसांनी उघडायचं. हिरवट-पिवळा, आंबूस वासाचा मुरघास चांगला. काळा पडलेला, बुरशी आलेला घालू नका. त्याने गाभण गाय गाभडू शकते.