बागेतला डीजे आणि घरातले आबाजी

‘रेव्ह पार्टी’ हा शब्द महाराष्ट्रातील बहुतेक घरांत वर्तमानपत्रातून आला. मार्च २००७ मध्ये पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी पोलिसांनी छापा घातला, अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले आणि तेव्हापासून या शब्दाला अमली पदार्थांचा वास चिकटला तो चिकटलाच. नशेचा भाग बाजूला ठेवला, तर खाली उरते ती एक साधी गोष्ट: मोकळे रान, भाड्याने आणलेले ध्वनिक्षेपक, कुणाचीही रीतसर व्यवस्था नसलेली गर्दी आणि पहाटेपर्यंत नाच. हे चित्र चांदूर बाजारच्या वाचकांना अनोळखी वाटू नये. ३१ डिसेंबरला संत्र्याच्या बागेत किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने एखाद्याच्या शेतात जो ‘प्रोग्राम’ ठरतो, तो याच जातीचा. त्याला कोणी रेव्ह म्हणत नाही, एवढेच.

थंडीच्या रात्री उघड्यावर जमण्याची हौस आपल्या भागाला नवी नाही. याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक काळ चालते. आज सत्तरी ओलांडलेल्या कित्येकांनी तिथे राहुट्यांत रात्री काढल्या आहेत, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे खाल्ले आहेत. तेव्हा नातवाला ‘हे कसले थेर’ म्हणण्यापूर्वी आपल्या आठवणी थोड्या चाळून पाहाव्यात. बदलले आहे ते ध्वनीचे बळ. डफ वाजवणाऱ्याचा हात थकतो, जनरेटर थकत नाही.

इंग्लंडमध्ये मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन नावाच्या माळरानावर अशीच विनापरवाना मैफल भरली. वीस हजारांहून अधिक माणसे लोटली आणि जवळजवळ आठवडाभर तिथला आवाज थांबला नाही. आसपासच्या शेतकऱ्यांची झोप उडाली. पुढे १९९४ च्या कायद्यात पोलिसांना अशा जमावांविरुद्ध अधिकार देताना, एकापाठोपाठ एक पडणाऱ्या ठोक्यांचे संगीत अशी व्याख्याच करावी लागली. कायद्याच्या पुस्तकाला ठोक्यांची दखल घ्यावी लागली, यावरून त्या शेतकऱ्यांच्या रात्रींची कल्पना यावी.

हा ठोकाच घरातल्या वृद्धांचा खरा शत्रू आहे. उघड्यावर ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर १०० डेसिबल असेल, तर वीस मीटरवर ९४, चाळीसवर ८८ आणि साधारण साडेसहाशे मीटरवर ६४. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे अर्धा-पाऊण किलोमीटर दूरच्या शेतातूनही झोप मोडण्याइतका आवाज घरात येऊ शकतो. त्यातही तीक्ष्ण स्वर हवेत आणि झाडांत विरतात. खालचे, जाड स्वर भिंती ओलांडून येतात. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार असते, तेव्हा ध्वनी वर न जाता खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. डिसेंबरात शेजारच्या गावची धडधड आपल्या खाटेखाली होते असे वाटते, त्यात भ्रमाचा भाग थोडाच असतो.

अशा आवाजाने शरीर सावधतेच्या अवस्थेत जाते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो आणि हे झोपेतही घडते. रक्तदाबाचे किंवा हृदयविकाराचे औषध चालू असलेल्यांनी त्या रात्री गोळी चुकवू नये. खाट रस्त्याकडच्या भिंतीपासून हलवून आतल्या खोलीत न्यावी. कानात कापसाचे बोळे घालण्याची पद्धत आहे, पण कापूस आवाज फारसा अडवत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग बरे, तरी जाड ठोक्यांपुढे त्यांचीही ताकद कमीच पडते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा आवाज उतरवावा किंवा यंत्र काढून ठेवावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे प्रकरण वेगळे आहे. त्याला कानात काही घातलेले सहसा चालत नाही आणि आवाज कुठून येतो हे उमगत नसल्याने तो घाबरतो, दार उघडून बाहेर पडू पाहतो. अशा घरात त्या रात्री एकाने त्याच्याजवळ राहावे, दिवा मंद ठेवावा आणि बाहेरच्या दाराला वरची कडी लावावी. शक्य असेल तर ती रात्र त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या नातलगाकडे काढणे सर्वांत सोपे. छातीत दुखले, दम लागला, घाम फुटला तर ‘डीजेमुळे होत असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

आता शेताकडे वळू, कारण घरातली काळजी अर्धी तिथेच अडकलेली असते. पार्टी ठरवणारी मुले गाणी आणि जेवण यांची यादी करतात. विहिरीची यादी कोणी करत नाही. कठडा नसलेली विहीर कुठे आहे, बांधावरून महावितरणची तार किती खालून गेली आहे, कोणत्या बागेत परवाच फवारणी झाली, हे घरात कोणाला ठाऊक असते? ज्यांना आपण ‘तुम्ही झोपा आता’ म्हणतो, त्यांना. आंबिया बहरासाठी ताणावर सोडलेली बाग या दिवसांत कोरडी असते, मृगाच्या फळांची बाग मात्र ओलिताखाली असते. ओल्या जमिनीवर पसरलेली, जोड उघडे असलेली वायर आणि अनवाणी नाचणारी मुले यांची गाठ पडू देऊ नये. तारेवर आकडा टाकून वीज घेण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर तिथे आजोबांनी आवाज चढवावा. भाडे देऊन आणलेला जनरेटर उघड्यावरच, माणसांपासून किमान वीस फूट दूर असावा. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या जनरेटरचा धूर रंगाने, वासाने कळेलच असे नाही आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. शेकोटी पऱ्हाटीच्या ढिगापासून, कुटाराच्या गंजीपासून दूर हवी. रोडग्यांचा आर राखेखाली सकाळपर्यंत जिवंत राहतो, हे ज्यांनी रोडगे भाजले त्यांनाच माहीत.

हे सारे उपदेश म्हणून सांगितले तर ऐकले जाणार नाही. दुपारी उजेडात एकदा शेतावर जावे, विहिरीभोवती दोर बांधून त्यावर दिवा टांगायला लावावा, ध्वनिक्षेपकांची तोंडे गावाच्या उलट दिशेला वळवून घ्यावीत. या शेवटच्या एका कृतीने गावातील कित्येक आजाऱ्यांची रात्र सुसह्य होते आणि तिला पैसाही लागत नाही. एकदा असे विश्वासात घेतले की पुढच्या खेपेला नातूच विचारतो, “आबाजी, जनरेटर कुठी ठेवू?” कार्यक्रम पाहायला जाणाऱ्या ज्येष्ठांनीही जरूर जावे, मात्र ध्वनिक्षेपकाजवळ बसू नये. पेसमेकर बसवलेल्यांनी तर त्याला टेकूच नये, कारण त्यात मोठी चुंबके असतात. परतीसाठी न पिणारा एक चालक आधीच ठरलेला असावा. त्याचे नाव घरच्यांना माहीत हवे.

कायद्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. आपला दिवस त्या यादीत आहे का, हे मुलांनीच पोलीस ठाण्यात आधी विचारून यावे. आजारी माणूस घरात असेल तर आयोजकांना सायंकाळी भेटून सांगावे. बहुतेक मुले ऐकतात, असा माझा समज आहे. न ऐकल्यास ११२ आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी १०० डेसिबलची कमाल सरासरी सुचवली, शिवाय कानांना विसावा देणारी शांत जागाही हवी म्हटले. बागेत अशी जागा म्हणजे दूरच्या टोकाची एक सतरंजी आणि पाण्याची कॅन. तासाभराने दहा-पंधरा मिनिटे तिथे बसले तरी कानांवरचा ताण हलका होतो. दुसऱ्या दिवशी नातू उठला की चहा देताना विचारावे, कानात शिट्टी वाजते का, बोलणे दबके ऐकू येते का. हा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे, कारण उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा चांगला उपयोग होतो.