बटाट्याचा श्वास

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या भाजीच्या दुकानात ढिगाने पडलेले बटाटे जिवंत असतात. जमिनीतून काढून महिना लोटला तरी त्यांच्या पेशी हवेतला ऑक्सिजन घेतात, साठवलेल्या स्टार्चमधली साखर मोडतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. अगरा तलावाच्या काठाने सकाळी धावणाऱ्यांच्या स्नायूंतही हेच चाललेलं असतं, फक्त वेग कितीतरी जास्त. शाळेत याला ऑक्सिश्वसन म्हणतात.

सुरुवात पेशीद्रवात होते. ग्लुकोजच्या रेणूचे दोन तुकडे होतात आणि पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीचे जेमतेम 2 रेणू हाती लागतात. इथवर ऑक्सिजन लागतच नाही. खरी कमाई पुढे, पेशीतल्या तंतुकणिकेत. हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये उलगडलेल्या चक्रात ते तुकडे पार मोडतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीत शिरतात. एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकताना जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. कोयनेचं पाणी सोडलं की टर्बाइन फिरतं, तसे हे प्रोटॉन परत येताना एक प्रथिन खरोखरच गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतं. एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 रेणू. ऑक्सिजनची पाळी अगदी शेवटी: साखळीतून आलेले इलेक्ट्रॉन स्वीकारून तो पाणी बनतो. तो नसेल तर मागची सगळी रांग जागीच थांबते.

या साखळीत इलेक्ट्रॉन एकेक करून शेवटच्या टप्प्यावर पोचवणारं छोटं प्रथिन म्हणजे सायटोक्रोम-सी. वनस्पतींच्या श्वसनातही ते भाग घेतं, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवलं कमला भागवत यांनी. पुढे त्या कमला सोहोनी झाल्या. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहीण. 1939 मध्ये त्यांना तिथे पीएच.डी. मिळाली. क्रेब्ज यांचं नाव आपली मुलं पाठ करतात. त्याच धड्यात कमलाबाईंचंही नाव वर्गात घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

केंब्रिजआधी त्यांची वाट याच बंगळूर शहरातून गेली. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज घेऊन आल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभरापुरती, अटींवर जागा मिळाली. त्यांचं काम पाहून वर्षअखेरीस रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.