इस्रायलमधले रोहेकर, पेणकर आणि चेऊलकर

रोहेकर, पेणकर, चेऊलकर, केहीमकर, नवगावकर, दिवेकर ही आडनावे रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून पडली. ती लावणारे बहुतेक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मात्र आज इस्रायलमध्ये राहतात. लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा आणि नेगेव वाळवंटातले दिमोना ही त्यांच्या वस्तीची मुख्य गावे. एका किंवा दोन्ही बाजूंनी भारतीय वंशाचे असलेले सुमारे 85 हजार ज्यू इस्रायलमध्ये असल्याचा अंदाज आहे. त्यांत कोचीनचे ज्यू आहेत, मुंबई-कलकत्त्याचे बगदादी आहेत, मिझोराम-मणिपूरचे बेने मेनाशे आहेत. पण सर्वांत मोठा गट मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचा. परदेशी गेलेला समाज मायदेशाच्या आठवणी जपतो, हे नेहमीचे दृश्य आहे. या समाजाला मात्र तो मायदेशीच परतला असे सांगण्यात आले होते, आणि तिथे पोचल्यावर त्याचे मराठीपण अधिक ठळक झाले.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना जिथे पुरले असे मानतात, ती जागा नवगावला आजही दाखवली जाते. ही घटना केव्हाची, यावर एकमत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशांश ठळकपणे आढळले, आणि कथेच्या गाभ्याला तेवढा आधार मिळाला. कोकणात हे लोक तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते. उरले होते ते सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना.

सण टिकले, पण मराठी नावांनी. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. योम किप्पूरला दिवसभर दारे लावून उपास करायचा, म्हणून तो दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, त्या दिवशी भेटीगाठी आणि दानधर्म. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास बिरड्याने सोडायचा, म्हणून तो बिरड्याचा सण. होळीच्या सुमारास येणारा पुरीम हा होळीचा सण, आणि खिरीचा सण तर खिरीवरूनच ओळखला जाई. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिताना ही नावे नोंदवून ठेवली. ते पुस्तक छापून निघाले 1937 साली, आणि तेही तेल अवीवमध्ये. नंतरच्या सुधारकांना ही नावे गावंढळ वाटली आणि हिब्रू नावे रूढ झाली, तरी कोणता सण कोणत्या पदार्थाचा, हा हिशेब घराघरांत सुटला नाही. मांसाबरोबर दूध चालत नाही, ही धर्माची अट कोकणाने नारळाच्या रसावर भागवली. वर्षारंभाचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच शिजतो.

अठराव्या शतकापासून मंडळी मुंबईकडे सरकली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत बेने इस्रायलींचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कंपनीची फौज, रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या यांत समाज स्थिरावला. धर्मशिक्षण कोचीनच्या शिक्षकांकडून आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून आले. धर्मांतर फारसे झाले नाही, पण हिब्रूचे वाचन आणि मराठी बायबल हाती लागले. वल्हांडण सणाला वाचायची हग्गादा ही पोथी 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 च्या पुणे आवृत्तीतल्या चित्रांत बेखमिरी भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून बसलेल्या आहेत. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तनाची पद्धत उचलली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, ओवी हा सगळा साज तोच, कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. हरदासाच्या परंपरेची ही शाखा मराठी संतवाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते, हे खटकण्यासारखे आहे.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा समाजाची संख्या सुमारे वीस हजार होती. 1948 साली इस्रायल स्थापन झाल्यावर जाणे सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबे गेली. छळामुळे निघालेले हे स्थलांतर नव्हते. धर्मओढ होती, इंग्रज गेल्यानंतर सरकारी नोकऱ्यांत आपले काय होणार ही धास्ती होती, आणि आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रे होती.

तिथले स्वागत फारसे गोड नव्हते. नव्या वसाहती, उन्हातली अंगमेहनतीची कामे आणि कातडीच्या रंगावरून मिळणारी वागणूक यांविरुद्ध 1951-52 मध्ये काही कुटुंबांनी धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. सुमारे दीडशे जण 1952 साली मुंबईला परतले. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायललाच गेले, म्हणून तक्रार खोटी होती असे म्हणता येत नाही.

खरा घाव बसला तो लग्नाच्या प्रश्नावर. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठामार्फत होतात. शतकानुशतके रब्बींशी संपर्क नसलेल्या या समाजात घटस्फोट आणि धर्मांतर शास्त्रानुसार झाले होते का, अशी शंका काही रब्बींनी काढली. 1961 साली मुख्य धर्मपीठाने विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली. पण 1962 च्या सूचनांनी वधूवरांच्या आधीच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे काम विवाह नोंदणाऱ्या रब्बींवर सोपवले, आणि सूचनांत समाजाचे नाव घेतले. कोकणात ज्या लोकांना शेजारी शनिवार पाळणारे म्हणूनच ओळखत, त्यांना ज्यूंच्या देशात ज्यूपणाचा दाखला मागितला जात होता. 1964 च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायली जेरुसलेमला जमले, धरणे आणि उपोषण सुरू झाले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने विषय क्नेसेटपुढे, म्हणजे संसदेपुढे, आणला, हा समाज सर्वार्थाने ज्यू आहे असा ठराव झाला आणि महिनाअखेर धर्मपीठाने सूचनांमधून त्यांचे नाव वगळले. तंबू ठोकून, न हटता, मुख्यतः शांततेने दिलेला हा लढा पाहून तेव्हाच अनेकांना गांधींची आठवण झाली होती.

या लढ्यानंतर समाजाने आपले भारतीयपण पुसून टाकले असते, तरी ते समजण्यासारखे होते. झाले उलटे. लोदमधल्या बेने इस्रायलींमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ शाल्वा वाइल यांनी हा बदल टिपला: भारतात ज्यू म्हणून वेगळे असलेले हे लोक इस्रायलमध्ये ‘होदीम’, म्हणजे भारतीय, म्हणून वेगळे झाले. मोरोक्को, येमेन, इराक, रशिया अशा सगळीकडून आलेल्यांच्या देशात प्रत्येक गटाला आपापले सिनेगॉग, आपापल्या चाली आणि आपापले पदार्थ असतात. त्या रांगेत उभे राहायचे तर स्वतःचे काहीतरी दाखवावे लागते. बेने इस्रायलींनी दाखवला तो मलिदा.

मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे: त्यांत ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती पाच प्रकारची फळे, गुलाबाच्या पाकळ्या आणि वास घेण्यासाठी सब्जा किंवा मेंदीसारखी सुगंधी पाने. लग्नाआधी, सुंतेनंतर, नवस फेडताना, नव्या घरात जाताना ताट मांडायचे, एलीया हनाबीचे म्हणजे संदेष्टा एलियाचे स्तवन म्हणायचे, प्रत्येक पदार्थावर त्याचा आशीर्वाद उच्चारायचा आणि मग वाटायचे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाचा रथ आकाशात गेला, अशी समाजाची श्रद्धा आहे. तिथल्या कातळावर घोड्याच्या खुरांच्या आणि चाकांच्या खुणा दाखवतात. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला तिथे जाण्याची प्रथा होती. इस्रायलमध्ये खंडाळे नाही, म्हणून मंडळी हैफाच्या कार्मेल डोंगरातल्या एलियाच्या गुहेकडे वळली. पिराला मलिदा चढवण्याच्या कोकणी रिवाजाशी या मलिद्याचे नाते उघड आहे. एरवी अशी सरमिसळ समाज लपवतात. इथे घरातला हा नवस जाहीर समारंभ झाला, कारण तो दुसऱ्या कोणत्याही ज्यू गटाकडे नव्हता आणि एलिया मात्र सगळ्यांचाच होता. विवाहापूर्वीच्या मेंदीचे तसे नाही. येमेनी आणि मोरोक्कन ज्यूंकडेही ती आहे, त्यामुळे ती सहज टिकली, पण समाजाची खूण झाली नाही.

भाषेची गोष्ट वेगळी. 1985 सालापासून इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले. त्याच्या संपादनाशी नोहा मस्सील यांचे नाव दीर्घकाळ जोडले गेले. कथा, कविता, समाजवार्ता, जुन्या गावांच्या आठवणी असे त्याचे रूप. मात्र त्याचे लेखक आणि वाचक मुख्यतः भारतात शाळा शिकलेल्या पिढीचे. नातवंडांची शाळा आणि सक्तीची लष्करी सेवा हिब्रूत होते. त्यांना मराठी कळते ती आजीच्या स्वयंपाकघरापुरती, देवनागरी तर वाचताच येत नाही. वयस्क बायकांच्या गटांनी मात्र कीर्तनातली पदे आणि लग्नगीते सिनेगॉगमध्ये, मंडळांत गात ठेवली. अॅना शुल्ट्झ या संगीत-अभ्यासकांनी मुंबईत आणि इस्रायलमध्ये त्यांचे संशोधन केले आहे. मुळात पुरुषांनी सुरू केलेले कीर्तन बायकांच्या वह्यांमुळे उरले, ही त्यातली लक्षात राहणारी गोष्ट.

तरुणांचा अभिमान दुसऱ्या वाटांनी दिसतो. इस्रायल 1974 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहयोगी सदस्य आहे, आणि तिथले क्रिकेट बऱ्याच अंशी भारतीय वंशाच्या खेळाडूंनीच चालते. दिमोनाला ‘लहान भारत’ म्हणतात. तिथल्या दुकानांत पोहे, डाळी, मसाले आणि मिठाई मिळते. हिंदी सिनेमाची गाणी लग्नात वाजतात, ती मराठी न येणाऱ्यांनाही पाठ असतात.

भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध 1992 च्या जानेवारीत जुळले. त्याआधीची चार दशके हा समाज दोन देशांमधला जवळजवळ एकमेव जिवंत दुवा होता, पण त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. 2017 च्या जुलैत भारताच्या पंतप्रधानांनी प्रथमच इस्रायलला भेट दिली. तेल अवीवमध्ये या समाजापुढे बोलताना त्यांनी, सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळेल, असे जाहीर केले. तोवर सैन्यसेवा हीच अडचण ठरत होती. महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात या समाजाचे काही हजार लोकच उरले होते. अलिबाग, पेण, रेवदंडा इथली सिनेगॉग आज थोड्या कुटुंबांच्या आणि इस्रायलहून येणाऱ्या पाहुण्यांच्या आधाराने उभी आहेत. हे पाहुणे आडनावाचे गाव शोधत येतात, आणि बऱ्याचदा त्यांचा वाटाड्या मराठीत जे सांगतो ते घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांसाठी हिब्रूत उलगडून सांगावे लागते.