मुलं तीन वर्षांनी जातात

कोल्हापुरात न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्च आहे. बी. ए. करत असताना मी दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहत होतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं 1906 मध्ये उभी राहिलेली ही संस्था. तिथून सायकलवर हिंडताना त्या चर्चची पाटी कितीदा तरी दिसायची. पण हा वायल्डर कोण, असा प्रश्न मला तेव्हा एकदाही पडला नाही. पडला तो फार पुढं, केस पांढरे झाल्यावर. त्याचं उत्तर शोधता शोधता मला माझ्याच विद्यार्थिदशेतली एक संध्याकाळ नव्यानं कळली. त्या दोन्ही गोष्टी आज तुम्हाला सांगायच्या आहेत.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. महाविद्यालयीन मुलांमध्ये चालणाऱ्या ख्रिस्ती कामाबद्दल मी काय सांगणार, असं कुणालाही वाटेल. पण त्या कामाचा मी दोन वर्षं पाहुणा होतो. वर्गातला एक मित्र दर बुधवारी संध्याकाळी शास्त्रपाठाला जायचा. बायबलच्या मराठीचं मला कुतूहल होतं, म्हणून मीही गेलो. एका भाड्याच्या खोलीत जाजमावर दहा-बारा मुलं-मुली बसलेली. कोपऱ्यात गणित शिकवणारे एक सर. तेच या मंडळाचे मार्गदर्शक. ते आता भाषण देतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी दिलंच नाही.

पद्धत अशी होती. दर आठवड्याला नवा विद्यार्थी पाठ घ्यायचा. एक उतारा सगळ्यांनी वाचायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. इथं नेमकं काय लिहिलं आहे? ते ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांना त्याचा काय अर्थ लागला असेल? आणि आज, आपल्या खोलीत, आपल्या घरी, त्याचं काय करायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर झाल्याशिवाय तिसऱ्यावर उडी मारायची नाही. सर फक्त तेवढं सांभाळायचे. कुणी फार बोलायला लागला की गप्प बसलेल्या मुलीकडं वळून विचारायचे, ‘‘तुला काय दिसलं गं?’’

उधळ्या मुलाच्या दाखल्याची संध्याकाळ मला आजही आठवते. बापाकडून वाटणी मागून घेऊन परदेशी जाणारा, सगळं उधळून परत येणारा तो धाकटा मुलगा. आम्ही बहुतेक शेतकऱ्यांची नाहीतर कारागिरांची पोरं, त्यामुळं भाऊबंदकीवर चर्चा चांगलीच रंगली. घरी राहून राबणाऱ्या थोरल्या भावाची बाजू सगळ्यांनीच घेतली. मी म्हणालो, ‘‘या बापानं जाताना पोराला अडवलं का नाही?’’ सरांनी मान हलवली. ‘‘याचं उत्तर देण्याची घाई नको,’’ म्हणाले, ‘‘प्रश्न वहीत लिहून ठेव.’’

आता वायल्डरकडं येतो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. त्याचं लहानपण इथंच गेलं. वडिलांची प्रकृती ढासळली, तसं हे कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला स्थायिक झालं. कॉलेजात असताना रॉबर्टनं 1883 मध्ये मित्रांचं एक छोटं मंडळ काढलं. बैठका त्याच्या घरी भरत. थोरली बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत त्यांच्यासाठी प्रार्थना करत बसे. परदेशी जाऊन धर्मकार्य करायची आपली तयारी आहे, अशा आशयाच्या एका कागदावर ही मुलं सह्या करत.

1886 च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर बोलावलं. अडीचशेच्या आसपास मुलं जवळजवळ महिनाभर एकत्र राहिली. त्यांत रॉबर्ट होता. सुरुवातीला परदेशी जायची तयारी असलेले जेमतेम वीसएक जण होते. शिबिर संपलं तेव्हा आकडा शंभर झाला होता. मोठ्यांचे कार्यक्रम चालूच होते, पण हे काम मुलांनी मुलांमध्ये केलं. झाडाखाली बसून, फिरायला जाताना, एकेकट्यानं बोलून. पुढच्या वर्षभरात रॉबर्ट आणि त्याचा एक मित्र कॉलेजाकॉलेजांतून हिंडले. 1888 मध्ये या खटाटोपाला संघटनेचं रूप आलं आणि ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली. तिचे अध्यक्ष झाले जॉन मॉट. तेही माउंट हर्मनला सही करणाऱ्या शंभरांतलेच. याच मॉट यांनी 1895 मध्ये स्वीडनमध्ये इतरांच्या साथीनं ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा जागतिक महासंघ स्थापन केला, आणि 1946 चं शांततेचं नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळालं, त्यांत ते एक होते.

या चळवळीतून काही दशकांत वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी जगभर गेले, असं इतिहासकार सांगतात. खुद्द रॉबर्ट 1890 च्या दशकात भारतात परतला आणि इथल्या कॉलेजच्या तरुणांत काम करत राहिला. प्रकृतीनं साथ सोडली तेव्हाच त्यानं हा देश सोडला.

कवी असल्यामुळं मला त्या कागदावरचे शब्द महत्त्वाचे वाटतात. सुरुवातीच्या मसुद्यात भाव असा होता, की देवाची इच्छा असेल तर जायला आम्ही तयार आहोत, उत्सुक आहोत. पुढं 1890 च्या दशकात तो बदलून, जाणं हा माझा हेतू आहे, असा केला गेला. इच्छा आणि हेतू यांत अंतर आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोराकडून जन्मभराचा शब्द घ्यावा का, यावर तेव्हाही टीका झाली. शिबिरातली रात्र, गाणी, मित्रांचा आग्रह या भरात केलेली सही आणि शांत डोक्यानं केलेली सही एकच नव्हे, हे या कामातल्या जाणत्यांना कळत होतं. सही करणारे पुष्कळ होते, पण जाणारे त्यांतले थोडेच निघाले.

खरी परीक्षा मात्र पुढं आली. 1919 मध्ये वायल्डर या चळवळीचे सरचिटणीस झाले. वय छप्पन. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डी मॉइन शहरात हजारो विद्यार्थ्यांचं अधिवेशन भरलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. व्यासपीठावरून नेहमीची भाषणं सुरू झाली आणि मुलं कुरकुरू लागली. त्यांचे प्रश्न वेगळे होते. ख्रिस्ती देश एकमेकांवर तोफा डागतात, ते कसं? आपल्याच देशात काळ्या माणसाला अशी वागणूक का? कामगाराच्या मजुरीचं काय? हे घरचं सोडून आम्ही परदेशात कुणाला काय शिकवायचं? एकेकाळी ज्या मुलानं मोठ्यांच्या शिबिरात आपला प्रश्न पुढं आणला होता, तो आता मोठ्यांच्या बाकावर बसला होता आणि प्रश्न दुसऱ्यांचे होते. चार वर्षांनी इंडियानापोलिसच्या अधिवेशनात मुलांना लहान लहान गटांत बसून चर्चा करायला वेळ दिला गेला. पण लाट ओसरत गेली. नवीन सह्या घटत गेल्या. 1927 मध्ये वायल्डर पायउतार झाले. 1938 मध्ये त्यांचं नॉर्वेत निधन झालं. 1959 मध्ये ती संघटना दुसऱ्या विद्यार्थी संघटनांत विलीन झाली.

हे वाचलं तेव्हा मला आमचे सर आठवले. ते नेहमी म्हणायचे, ‘‘अरे, आमचं काम म्हणजे एस. टी. स्टँडवरचं. मुलं तीन वर्षांनी जातात. मी इथंच.’’ पाळकाला तीच मंडळी वर्षानुवर्षं लाभतात. विद्यार्थ्यांत काम करणाऱ्याला नाही. दर जूनला नवे चेहरे, नवे प्रश्न. म्हणून जे मंडळ मार्गदर्शकाच्या भरवशावर चालतं, ते त्याच्या बदलीबरोबर बसतं. जे मुलांच्या हातानं चालतं, ते टिकतं.

भारतात हे काम जुनं आहे आणि ते एकाच छापाचंही नाही. ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ 1912 पासून आहे. समाजातल्या विषमतेचे प्रश्न आणि पंथांची एकी यांवर तिचा भर. कॅथलिक विद्यार्थ्यांची ‘आयकफ’ ही संघटना 1924 मध्ये मूळ धरून वाढली. ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ 1954 ची. तिचा भर शास्त्रपाठ, प्रार्थना आणि वैयक्तिक श्रद्धेवर. विचार वेगळे असले तरी बांधणीत साम्य आढळतं. मुलांनी आपल्यातून निवडलेली कार्यकारिणी, पाठीशी एखादा प्राध्यापक, अनेक कॉलेजांतून फिरणारा पूर्णवेळ कार्यकर्ता, सुट्टीतलं शिबिर. आणि शिकून नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी, जे आपल्या पगारातून काही बाजूला काढतात.

आता सगळ्यात नाजूक बाब. आपल्या संविधानाचं पंचविसावं कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देतं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क त्यात नाही. कारण सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य ऐकणाऱ्यालाही आहे. पुढं अनेक राज्यांनी याबाबत आपापले कायदे केले. पण कायदा दारापर्यंत येतो. आत जाजमावर काय घडतं, ते समोरच्या माणसाच्या सचोटीवर असतं. घरापासून दूर आलेलं, एकटं पडलेलं, मोठ्यांच्या एका शब्दानं विरघळणारं पोर समोर असतं. त्याच्या एकटेपणाचा फायदा घ्यायचा की नाही?

हा प्रश्न मी पुस्तकात वाचलेला नाही. दुसऱ्या वर्षाला असताना माझी अम्मी गेली. दफन उरकून चार दिवसांत मी कोल्हापुरात परतलो, कारण तासगावजवळच्या आमच्या घरात मला बसवेना. अब्बा शिवणाच्या यंत्रावर पाय ठेवून नुसते बसायचे, यंत्र चालवायचे नाहीत. त्या बुधवारी मी खोलीवर गेलो. मुलांनी काही विचारलं नाही. एकानं चहा आणला, एकीनं माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवली. गेल्या चार दिवसांत तेवढी ऊब मला कुठं मिळाली नव्हती. सगळे गेल्यावर मी सरांना म्हणालो, ‘‘सर, मलाही तुमच्यात घ्या. माझं नाव लिहा.’’

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आज नाही. तू आज मागतोयस ती तुझी आई आहे. ती माझ्याकडं नाही रे. घरी जा. अब्बांजवळ बस. चाळीस दिवस होऊ देत. मग मनात असेल तर दिवसाउजेडी ये, अब्बांना सांगून ये. आणि नसेल, तरीही बुधवारी येत जा.’’

त्यांनी मला स्टँडवर नेलं, तिकीट काढून दिलं. पुढच्या रविवारी ते स्वतः आमच्या घरी आले. अब्बांना म्हणाले, ‘‘भाई, तुमचा मुलगा आमच्या शास्त्रपाठाला येतो, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून आलो.’’ अब्बांनी यंत्रावरचं कापड बाजूला सारलं, चहा सांगितला. दोघं मला वगळून तासभर बोलत बसले. काय बोलले, ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. सर गेल्यावर अब्बांनी त्या दिवसांत पहिल्यांदा यंत्र चालवलं.

मी मुसलमानच राहिलो. यात कुणाची हार-जीत मी मानत नाही. सर श्रद्धेनं कच्चे होते, असंही नाही. मी ख्रिस्ताकडं यावं असं त्यांना मनापासून वाटत असणार. तसं न वाटता कुणी आयुष्यभर बुधवार खर्चत नाही. माझा होकार त्या रात्री त्यांच्या हातात होता. तो त्यांनी घेतला नाही. पुढं माझ्या कविता छापून येऊ लागल्या, तेव्हा पहिला संग्रह मी त्यांना नेऊन दिला. पान उलटत म्हणाले, ‘‘वहीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का रे? बापानं पोराला का अडवलं नाही?’’ मी म्हणालो, ‘‘सर, अडवलेला मुलगा परत येत नाही. तो नुसता घरात राहतो.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘थोरल्यासारखा.’’

सर आता नाहीत. मी एका कॉलेजात महिन्यातून एकदा मुलांच्या कवितावाचनाला बसतो. कोपऱ्यात बसतो. अलीकडं एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, तुमच्या पिढीच्या कविता आम्हाला नाही लागत.’’ क्षणभर राग आला. मग डी मॉइनमधले छप्पन वर्षांचे वायल्डर आठवले, आणि मी तिला विचारलं, ‘‘बरं. तुला काय दिसतं, ते वाच.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)